देऊळ हलत नाही

निवृत्त झाल्यापासून कुठल्याही लग्नकार्यात गेले की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे भिवंडीचं प्लॅनिंग तुम्ही केलंत?" विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू असतं, ते मला आता पाठ झालं आहे. पूर्वी मी रागवायचे. अंजूरफाट्यावर अडकलेल्या प्रत्येक माणसाचे शिव्याशाप आपल्यालाच लागताहेत असं वाटायचं. आता मी पुलाव वाढून घेते आणि सांगते, "नाही हो, मी फक्त नकाशे केले. भिवंडी आपापलीच झाली."

हे उत्तर पंगतीपुरतं ठीक आहे. खरं उत्तर द्यायचं तर एक अख्खी दुपार सांगावी लागते आणि ती आठवली की अजून माझे तळपाय पोळल्यासारखे होतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून मागे लागून मला ती दुपार लिहायला लावली आहे. वाचून कोणी दुखावलं तर त्यांना धरा.

आधी आमचा धंदा काय, ते सांगते. शहराची किंवा तालुक्याची योजना म्हणजे मुळात दोन नकाशे. पहिला, आज जमिनीवर काय आहे याचा. दुसरा, पुढे काय असावं याचा. लोकांना वाटतं दुसरा अवघड. तो खुर्चीत बसून करता येतो. पहिल्यासाठी चालावं लागतं. हातात नकाशा धरून गल्ल्यागल्ल्यांतून, बांधाबांधावरून फिरायचं आणि रंग भरायचे. राहती घरं पिवळी, कारखाने जांभळे, दुकानं निळी, शाळा-दवाखाने लाल, शेती हिरवी. मी भिवंडीतच वाढलेली, वडील इथल्याच शाळेत भूमिती शिकवत. नोकरीला लागले तेव्हा वाटलं, हे तर बालवाडीतलं काम. पहिल्याच गल्लीत एका लूमवाल्या चाचांनी तो भ्रम उतरवला. त्यांच्याकडे खाली लूम, माळ्यावर बिऱ्हाड आणि जिन्याखाली किराणा. मी जांभळी पेन्सिल काढली तसे चाचा म्हणाले, "बेटी, कारखाना लिखोगी तो घर जाएगा, घर लिखोगी तो बिजली जाएगी." मग काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाले, आधी चहा घे. त्या घरात शेवटी कुठला रंग भरला ते आता आठवत नाही, पण चहा चांगला होता.

खेड्यांकडे गेलं की तऱ्हा उलटी. पूर्णा, वळ या गावांचा सगळा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भातखाचरांचा होता. मग गोदामं आली. कागदावर जमीन हिरवी आणि जागेवर पत्र्याचं छप्पर, असं वर्षानुवर्षं चाललं. हरकतींच्या सुनावणीला माणसं यायची ती एकच मागणी घेऊन, "मॅडम, आमचं पिवलं करा." एक गृहस्थ तर स्वतःची जमीन पिवळी करा आणि भावाची बगिच्याच्या आरक्षणात टाका, असा अर्ज घेऊन आले होते. भाऊ शेजारच्याच खुर्चीत बसला होता. मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. नंतर त्या दोघांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढावं लागलं.

मला योजना करायला शिकवलं ते करंदीकर साहेबांनी. कॉलेजातलं शिक्षण परीक्षेपुरतं होतं. साहेब जिभेने कडू. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, ब्लेडने तासली आणि परत दिली. म्हणाले, या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर दोन मीटर, तुझ्या रेघेच्या जाडीत माणसाचा ओटा जातो, तेव्हा बोथट पेन्सिलीने रस्ता काढू नकोस. हा पहिला धडा.

दुसरा धडा ठाम खुणांचा. आमच्याकडचे गावनकाशे इंग्रजांच्या वेळचे, साखळीने मोजून केलेले. त्यांच्यावर आज आकाशातून घेतलेलं छायाचित्र बसवायचं तर दोन्हींत दिसणाऱ्या आणि जागेवरून न हललेल्या खुणा शोधाव्या लागतात. ओलं लुगडं दांडीवर घालताना टोकं धरून ताणतात, तसा नकाशा त्या खुणांवर धरून ताणायचा. टोक चुकीच्या जागी धरलं की सगळं लुगडं तिरकं जातं. साहेब सांगायचे की झाडावर भरवसा ठेवू नकोस, ते पडतं. नदीवर नको, ती सरकते. माणसाच्या सांगण्यावर तर मुळीच नको. विहीर, शिवेवरचा दगड आणि देऊळ, एवढ्यावरच ठेव. "देऊळ हलत नाही," हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो.

पुढे साहेब निवृत्त झाले, पेन्सिली गेल्या आणि नकाशे कॉम्प्युटरवर आले. त्या पट्ट्याचा नवा आराखडा करायची वेळ आली तेव्हा नकाशे जुळवायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. मी ज्या गावाबद्दल लिहिते आहे, तिथे विहिरी बुजल्या होत्या, बांध आणि दगड भरावाखाली गेले होते आणि त्यावर गोदामं उभी होती. गावात आकाशातून स्पष्ट दिसणारी एकच जुनी खूण उरली होती, ती म्हणजे गावदेवीच्या देवळाचा पांढराशुभ्र घुमट. कंपनीने नकाशा तिथे टाचला. साहेबांच्या नियमाला धरूनच.

गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

या आराखड्यात खाडीच्या बाजूने हायवेकडे जाणारा एक रुंद रस्ता होता. ट्रेलर गावातल्या अरुंद गल्ल्यांतून घुसू नयेत म्हणून तो हवाच होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. देवळाच्या पश्चिम अंगाने, देवळाला धक्का न लावता, गावनकाशात मोकळ्या दिसणाऱ्या जागेतून तो जात होता. निदान कागदावर तरी. जमिनीवर तो यमुनाबाईंच्या घरावरून जात होता.

यमुनाबाई साठी उलटलेल्या, विधवा. दोन खोल्यांचं कौलारू घर आणि पुढे सारवलेला ओटा. त्या ओट्यावर त्या गोदामातल्या हमालांना दुपारचा भात आणि सुक्या मासळीचं कालवण वाढत. घर त्यांचं असलं तरी घराखालची जमीन सासरच्या सगळ्या भावकीची सामायिक. म्हणजे घर रस्त्यात गेलं तर भरपाई भावकीत वाटली जाणार आणि बाई उघड्यावर येणार. मुलगा जगदीश त्यांच्याजवळच राहायचा आणि बाळारामशेठच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा.

बाळारामशेठ नात्याने यमुनाबाईंचे चुलत दीर. गावातले मोठे जमीनमालक, गोदामांचे धनी आणि देवस्थान समितीचे अध्यक्ष. वाईट माणूस म्हणता येणार नाही. गावाला पाण्याची टाकी त्यांनी दिली आणि गावदेवीचं ते संगमरवरी देऊळही त्यांनीच बांधून दिलं.

यमुनाबाईंनी रस्त्यावर हरकत घेतली होती. सुनावणीत आमच्या नियोजन समितीने विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्या म्हणाल्या, रस्ता चुकलाय. कशावरून? तर म्हणाल्या, "कारन न्हाय सांगनार." समितीतले दोघे हसले. मीही वैतागले, कारण दिवसभर असल्याच गोष्टी ऐकून माझं डोकं उठलं होतं. पण नियोजन समितीचे अध्यक्ष जुन्या वळणाचे होते. त्यांनी मला बजावलं की जागेवर जाऊन रेघ आखून बघा आणि समितीच्या शेवटच्या बैठकीत काय ते एका वाक्यात सांगा. रस्ता बरोबर की चूक. बैठकीच्या आदल्या दिवशी मी गावात गेले.

वैशाखातली दुपार होती. बरोबर आमचे मोजणीदार, त्यांचं तिवईवरचं यंत्र आणि रेघा ओढायला चुन्याच्या फक्कीचा डबा. आराखड्यातले बिंदू यंत्रात होतेच. यंत्र दाखवेल तिथे खुंट्या ठोकायच्या आणि फक्की ओढायची. गाव जमलं होतं, पण आवाज नव्हता. मला भांडणारं गाव चालतं. गप्प उभ्या राहिलेल्या गावाची भीती वाटते. फक्कीची रेघ मोकळ्या जागेतून आली, यमुनाबाईंच्या ओट्यावर चढली आणि दारातून आत चुलीकडे गेली. हमाल ताटं हातात घेऊन बाजूला झाले. यमुनाबाई आल्या आणि नेमक्या त्या रेघेवर मांडी घालून बसल्या.

शेठनी जगदीशला खूण केली. तो आईपाशी येऊन वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "आये, ऊठ. शेठ बगतान." बाई उठल्या नाहीत. जगदीश तसाच मागे फिरून फोर्कलिफ्टवर जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते.

मी मोजणीदारांना थांबायला सांगितलं आणि ओट्याच्या कडेला सावलीत टेकले. समोर जे दिसत होतं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझ्या पाठीशी, म्हणजे पश्चिमेला, यमुनाबाईंचं घर. समोर पूर्वेला नवं देऊळ. आणि देवळाच्या पलीकडे, आणखी पूर्वेला, शेठच्या मोठ्या गोदामाचं फाटक, ट्रेलर तोलायचा वजनकाटा आणि वॉचमनची केबिन. बाजार करून आलेल्या काही बायका त्या फाटकावरून गावात येत होत्या. फाटकाशी आल्या की प्रत्येकीने चपला काढून हातात घ्यायच्या, तापल्या काँक्रीटवरून अनवाणी चालायचं आणि केबिन मागे पडली की पुन्हा चपला घालायच्या. देवळासमोरून जाताना मात्र त्याच बायका चपला न काढता, नुसता हात जोडून पुढे गेल्या.

मी एकीला विचारलं, पाय पोळत नाहीत का? तिने माझ्याकडे बघितलं, मग शेठकडे बघितलं. "सवय हाय," म्हणाली आणि निघून गेली.

 मी मोजणीदारांना घेऊन गावाच्या शिवेवर गेले. खाडीच्या बाजूला भरावाबाहेर दोन जुने दगड अजून शाबूत होते. त्यांच्यावरून मोजलं तर ते दगड गावनकाशाशी चोख जुळत होते, पण देऊळ जुळत नव्हतं. नकाशातलं देऊळ आणि जागेवरचं देऊळ यांच्यात एक घर सहज मावेल इतका फरक पडत होता. जुने नकाशे इथेतिथे चुकतात, तशी ही त्यांची चूक असू शकत होती. किंवा देऊळ हललेलं असू शकत होतं. दुसरं खरं असेल तर त्याला टाचलेला आमचा रस्ताही तेवढाच पश्चिमेला सरकून या घरावर आला होता. पण दोन दगडांच्या जिवावर अख्ख्या आराखड्याला चूक म्हणायला समितीपुढे उभं राहणं म्हणजे माझी शोभा. देवळाची मूळ जागा नक्की कळायला हवी होती. नाहीतर उद्या मला एकच वाक्य बोलता येणार होतं, आणि त्या वाक्याने हे घर जाणार होतं.

परत येऊन मी जमलेल्यांना सरळ विचारलं, देऊळ आधी कुठे होतं? एक म्हातारे म्हणाले, "देव हाय तिथंच हाय." मी दुसऱ्याकडे वळले. तोही म्हणाला, देव हाय तिथंच हाय. तिसराही तेच, शब्दाला शब्द. बाळारामशेठ हसून म्हणाले की जीर्णोद्धार जिथल्या तिथेच झाला, तुमच्या यंत्रालाच ऊन लागलं असेल. लोक हसले नाहीत. शेठच्या कपाळावर घाम होता, माझ्याही होता.

मी घरात शिरले. यमुनाबाई रेघेवरून उठून चुलीपाशी गेल्या होत्या. मी चिडले होते. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे आणि माझ्याकडे उद्यापर्यंतचाच वेळ आहे, तुम्ही बोलत का नाही? त्यांनी तांब्या खाली ठेवला. "गावदेवी आईच्या पायावर हात ठेवून सगल्या गावानं शपथ घेतलीय. मी तोंडानं बोलनार न्हाय." मी म्हटलं, घर जाईल. त्या म्हणाल्या, "जाईल." मग त्यांनी चुलीकडे, भांड्यांच्या फळीकडे आणि जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. 

 शेवटी मी म्हटलं, मी बाहेर जाऊन यंत्रापाशी उभी राहते, ते कुठे लावायचं मला माहीत नाही. इतकंच बोलले आणि बाहेर आले.

थोड्या वेळाने यमुनाबाई दारात आल्या. ओट्यावरून उतरल्या, पायात चपला सरकवल्या आणि गर्दीतून चालू लागल्या. देवळासमोर थांबल्या नाहीत. थेट गोदामाच्या फाटकात गेल्या, वजनकाट्याच्या बाजूला वॉचमनच्या केबिनसमोर थांबल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि देवळाकडे पाठ करून त्या काँक्रीटवर हात जोडून उभ्या राहिल्या.

 मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तसे ते तिवई उचलून तिकडे निघाले. बाळारामशेठ दोन पावलं पुढे आले. आवाज अगदी मऊ होता. "वैनी, पाय भाजतील." बाईंनी डोळे उघडले नाहीत. यंत्र लावून तपासायला वेळ लागतो, आणि आत एक ट्रेलर बाहेर पडण्यासाठी घरघरत उभा होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभ्या होत्या. तेवढ्यात जगदीश फोर्कलिफ्टवरून उतरला, नळाखाली गोणपाट भिजवलं, शेठच्या समोरून चालत आला आणि आईच्या पायांखाली ते सारलं. मग तो तिथेच थांबला. मला वाटतं, त्या क्षणी त्याची नोकरी गेली, आणि ते त्याला कळलंही होतं.

पुढे हळूहळू मला जे समजलं ते इथेच सांगून टाकते. गावदेवीचा शेंदरी दगड पूर्वी त्याच जागी, चिंचेखालच्या चौथऱ्यावर होता, गावनकाशात त्यालाच देऊळ म्हटलं होतं. गोदाम झालं तसे ट्रेलर वळायला जागा पुरेना. शेठनी गावापुढे नवं देऊळ बांधून द्यायची तयारी दाखवली. कौल लावला, देवीने तो दिला आणि वाजतगाजत तिला नव्या जागेत आणली. पण आईला गाडीच्या वळणासाठी हलवली, हे कोणालाच स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून शपथ घेतली की आई आपणहून आली, जुन्या जागेचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्यात श्रद्धा होती, लाज होती आणि देवस्थानच्या जमिनीची कागदाविना अदलाबदल झाल्याची धास्तीही होती. पावलांनी मात्र शपथ घेतली नव्हती.

बाई उभ्या होत्या ती जागा शिवेच्या दगडांवरून मोजली आणि नकाशातल्या देवळावर अलगद बसली. गणित सुटलं म्हणून मला क्षणभर आनंद झाला, तो कशाला लपवू? रस्ता आता मूळ देवळाच्या पश्चिमेने जायला हवा होता. नव्या खुंट्या पडू लागल्या. जुनी रेघ यमुनाबाईंच्या चुलीत होती, नवी कडा त्यांच्या ओट्याच्या बरीच अलीकडे आली. घर सुटलं. फक्की पुढे सरकली आणि मोजणीदार थांबले. माझाही आनंद तिथेच थांबला. जुन्या देवळाशेजारची जी मोकळी जागा आम्ही रस्त्यासाठी धरली होती, तिथेच तर नवं देऊळ बांधलं होतं. फक्कीची रेघ संगमरवरी पायऱ्यांना टेकली होती.

बाळारामशेठनी रेघ पाहिली, मग लोकांकडे वळले. "बगा. आता देवीवरून रस्ता नेतान." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लिवा मॅडम, तुमच्या रिपोर्टात तसं लिवा."

आतापर्यंत गप्प असलेलं गाव पुढे सरकलं. कोणीतरी फक्कीच्या डब्याला लाथ मारली. मोजणीदारांनी यंत्र उचलून छातीशी धरलं. मी घाबरले होते. नोकरीत मला धमक्या नव्या नव्हत्या, पण तिथे चिडलेली माणसं गुंड नव्हती. ती घाबरलेली माणसं होती. त्यांच्यासमोर देवी आणि एक घर असे दोन पर्याय उभे होते, आणि ते मी उभे केले होते. करंदीकर साहेब असते तर त्यांनी काय केलं असतं, असं मनात आलं. त्यांनाही सुचलं नसतं.

यमुनाबाई गोणपाटावरून उतरल्या. चपला तिथेच ठेवून त्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत अनवाणी आल्या. लोकांनी वाट दिली, ती आदराने नव्हे. त्यांनी फक्कीकडे बघितलं, आत गाभाऱ्याकडे बघितलं आणि इतकी वर्षं जे वाक्य त्या गावात कोणी उच्चारलं नव्हतं ते सगळ्यांसमोर मोठ्याने उच्चारलं.

"ती एकदा हललीय, परत हलंल. मना हलाया जागा न्हाय."

 गर्दी आपोआप पातळ झाली. शेठ गोदामात निघून गेले, आणि त्या ट्रेलरला वाट द्यायला जगदीशनेच आईच्या चपला उचलून आणल्या.

दुसऱ्या दिवशी समितीत मी सांगितलं की रस्ता चुकला आहे. ठाम खूण जागेवरून हललेली आहे आणि शिवेच्या दगडांवरून दुरुस्ती केली आहे. अध्यक्षांनी विचारलं, गावातून कोणी जबाब दिला का? मी म्हटलं, तोंडी कोणी दिला नाही. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, दगडांची मोजणी पुन्हा तपासून घेतली आणि दुरुस्ती मान्य केली.

आमच्या लेखी प्रकरण संपलं. यमुनाबाईंचं तिथून सुरू झालं. शपथ मोडली म्हणून भावकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. लग्नाच्या हळदीला त्यांना बोलावणं येईना. हमालांनाही त्यांच्या ओट्यावर जेवू नका अशी ताकीद गेली. जगदीशने वळ गावातल्या दुसऱ्या गोदामात ड्युटी धरली. कामासाठी त्या बाजूला गेले की मी बाईंकडे डोकावायचे. त्या चहा द्यायच्या आणि तक्रार एका शब्दाने करायच्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. घर वाचवण्याचे नियम आमच्या पुस्तकात आहेत. घर वाचल्यावर त्यातल्या माणसाचं काय, याबद्दल एक ओळ नाही. ही खंत मी नोकरीतून बरोबर घेऊन आले आहे.

निवृत्त होईपर्यंत हाताखाली नवीन आलेल्या मुलामुलींना मी साहेबांचे दोन्ही धडे शिकवत राहिले. फक्त दुसऱ्याला शेपूट जोडलं. देवळावर नकाशा टाचण्याआधी गावातल्या बायका चपला कुठे काढतात ते बघून या, असं सांगायचे. मुलं समोर मान डोलवायची. माझ्यामागे तीही नक्कल करत असतील.

पुढे रस्त्याचं काम खरोखर निघालं, तेव्हा गावाने पुन्हा कौल लावला. देवीने मूळ जागी जायची इच्छा दाखवली. कौल लावणारा भगत यमुनाबाईंचा कोणी लागत नाही ना, एवढी चौकशी मी करून ठेवली होती. लागत नव्हता. देवीची इच्छा म्हटल्यावर शेठनाही नाही म्हणता येईना. केबिन गेली, वजनकाटा मागे सरकला, फाटक बाजूला फिरलं. जुन्या चौथऱ्याच्या जागी साधं छोटं देऊळ झालं. ज्या दिवशी देवीला परत न्यायची होती, त्या दिवशी मलाही आमंत्रण होतं. गंमत म्हणजे ते शेठनी स्वतः फोन करून दिलं.

यमुनाबाईंना आमंत्रण नव्हतं. त्या आपल्या ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या.

पालखी निघाली. खरं तर नव्या देवळातून फाटकाकडे सरळ पूर्वेला जायचं, हाकेच्या अंतरावर. पण गावप्रदक्षिणा म्हणून ती आधी पश्चिमेला वळली आणि यमुनाबाईंच्या घरासमोर येऊन थांबली. खांदा दिलेले चौघे म्हणाले, पालखी जड झाली, पुढे जात नाही. आमच्याकडे पालखी अशी जड होते ती देवीला तिथे काही हवं असतं म्हणून, असं मानतात. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, पालखीचं वजन कशाने वाढतं हे मी सांगू शकत नाही. पुढच्या दांडीखाली बाळारामशेठ स्वतः होते आणि ते खाली मान घालून उभे होते, एवढं मी पाहिलं.

ढोल थांबला. सगळे ओट्याकडे बघत राहिले. यमुनाबाई बऱ्याच वेळाने उठल्या, आत जाऊन कळशी घेऊन आल्या. पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. त्यांनी एकेकाच्या पायांवर पाणी घातलं, शेठच्याही. मग पदराला हात पुसले, पालखीत वाकून तो शेंदरी दगड दोन्ही हातांनी कुरवाळला आणि लेकीशी बोलावं तसं म्हणाल्या,

"दमलीस ना गो बाय. दोनदा हलवली तुना."